पाण्याची जागा



समोर डहाणू नगरपरिषद आणि तलासरी नगरपंचायतीतली मंडळी आहेत, मागे किनाऱ्यावरचे वडीलधारे मच्छीमार बसलेत. म्हणून घरचंच बोलतो.

जोराच्या पावसात डहाणूचा इराणी रोड पाण्याखाली जातो, हे इथं कुणाला सांगायला नको. त्यात पुनवेचं उधाण जुळलं, तर दोष नुसत्या गटारांना देता येत नाही. पाणी समुद्राकडं निघतं तेव्हा समुद्रच चढून आलेला असतो. गटार कितीही रुंद करा, ओहोटी लागेपर्यंत पाण्याला थांबायला जागा हवी. ती जागा म्हणजे खाजण, तिवरांचं रान, भाताची खाचरं. आपण नेमकी तीच भरावानं बुजवतो.

आणि हे दुखणं वाढणारं आहे. १९०१ ते २०१८ या काळात जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटर वर आली. हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. सरी दाट होणार, भरती उंच होणार. पण आपली मोरी ५०-६० वर्षं टिकते, विकास आराखडा २० वर्षांचा आणि निवडून आलेला सदस्य पाच वर्षांचा. मोरीची रुंदी मात्र गेल्या पावसाळ्यांच्या हिशेबानं ठरते.

लंडननं थेम्सच्या मुखासाठी २०१२ साली थेट २१०० पर्यंतची योजना स्वीकारली. त्यातली मला पटलेली गोष्ट अशी की पुढची कामं नुसत्या तारखांना बांधलेली नाहीत. समुद्र अमुक इतका चढला की हा निर्णय, आणखी चढला की पुढचा. ही पद्धत उचलायला आपल्याला लंडनएवढा पैसा लागत नाही. डहाणूच्या खाडीवर पक्क्या रेघा मारा. वर्षात किती उधाणं कोणती रेघ ओलांडतात ते वहीत लिहा. आकडा ठरलेल्या हद्दीबाहेर गेला, की त्या पट्ट्यात नवं बांधकाम बंद; आणखी वाढला, की तिथल्या घरांना वरच्या अंगाला जागा. ती जागा मात्र आजच राखून ठेवावी लागेल. त्या वेळी मोकळी उरलेली नसेल.

आपल्याकडं मोठी पुण्याई आहे. २० जून १९९१ च्या अधिसूचनेनं डहाणू तालुक्यातल्या उद्योगांना ५०० एकरांची मर्यादा घातली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं तालुक्याच्या पर्यावरण-रक्षणासाठी प्राधिकरण आलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये जाईपर्यंत त्याच्या अध्यक्षपदी राहिले. आपण त्या अधिसूचनेला चिकूच्या वाड्यांची राखण समजतो. मी तिला पूरनियोजनाचा कागद म्हणून वाचतो, कारण न भरलेली जमीनच पाणी पोटात घेते. ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदरामागं गोदामं येतील, वस्ती येईल. त्यांचा भराव कुठल्या खाजणात पडू द्यायचा नाही, हे नकाशावर आत्ताच उमटलं पाहिजे. मला सर्वांत जास्त काळजी याचीच आहे.

तलासरीची गोष्ट वेगळी. तिथं उतार आहे. डोंगरावरून ओहोळ धावत येतो आणि रस्त्याच्या भरावाशी अडतो. महामार्ग ४८ झाला, आता मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग. त्यांच्या मोऱ्या किती पाणी काढतात, हे नगरपंचायतीनं एका पावसाळ्यात उभं राहून मोजावं.

आणि एक. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू तालुक्यातल्या धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा माणसं घराबाहेर झोपली. पुरासाठी निवारा बांधताना तो उंच खांबांवर घेण्याचा मोह होतो. पण खाली मोकळे खांब आणि वर सगळा भार, अशी इमारत धक्क्यात खालूनच मोडते. या दोन तालुक्यांत पाणी आणि भूकंप यांचा नकाशा एकाच टेबलावर उलगडावा लागेल.

रेघा कुठं मारायच्या, हे मागच्या रांगेतल्या मंडळींना विचारा. कुठल्या उधाणाला होडी कुठपर्यंत ओढावी लागते, हे त्यांना वर्षानुवर्षं ठाऊक आहे. दुपारच्या सत्रात पहिला शब्द त्यांचा असेल.