कासव आणि यकृतका

श्रोतेहो, आपल्या नागपूरला समुद्र नाही. मग समुद्रातल्या कासवाची गोष्ट इथे कशाला, असं तुम्ही म्हणाल. तिचा धागा आपल्या विहिरीपर्यंत येतो, म्हणून.

ऑलिव्ह रिडले हे कासव समुद्रात राहते. ओडिशात गहिरमाथ्याला २०२१ साली बिल्ला लावलेली एक मादी २७ जानेवारी २०२५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. पूर्व किनाऱ्यावरून थेट पश्चिम किनाऱ्यावर! एवढा पल्ला पोहणारा जीव. पण अंडी घालायला त्याला जमिनीवरच्या वाळूतच यावे लागते. वाळू गेली, की वंश थांबला.

आता दुसरा जीव पाहा. पावसाळ्यात विहिरीच्या ओल्या भिंतीवर, बांधावर, मातीला चिकटलेली हिरवी, चपटी वनस्पती दिसते. ती यकृतका. यकृताच्या खंडांसारखा आकार, म्हणून हे नाव. तिला खरे मूळ नाही, फूल नाही, बी नाही. राहते जमिनीवर; पण तिची नर-पेशी मादी-पेशीकडे पोहत जाते. त्यासाठी पाण्याचा पातळसा थर लागतोच. म्हणजे पाण्यातल्याला वाळू हवी, आणि जमिनीवरच्याला पाणी!

कासवाला कैवारी मिळाले. वेळास गावी २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने अंडी राखली, पिल्ले समुद्रात सोडली. यकृतकेसाठी रात्र कोण जागवणार? प्राध्यापक शिवराम कश्यप यांनी १९१४ साली पश्चिम हिमालयातली एचिसोनिएला हिमालयेन्सिस ही यकृतका जगापुढे आणली. आज ती धोक्यात आलेल्या वनस्पतींत मोडते. खडक फुटला, सावली तुटली, झरा आटला, की असा जीव मुकाट्याने जातो.

आपल्या बांधावरची यकृतका तेवढी दुर्मिळ नाही, हे खरं. पण जिची ओळखच नाही, ती गेली तरी कळायचं कसं? वाळूतला माग ओळखणारी नजर असते, म्हणून कासवाचं घरटं सापडतं.

तेव्हा गुरुजी आणि बाई, येत्या श्रावणात मुलांना ओल्या बांधावर न्या. भिंग द्या. खरवडू मात्र देऊ नका. जागा आणि तारीख वहीत लिहून ठेवा. पुढच्या श्रावणात तिथेच पुन्हा पाहा. यकृतका दिसली नाही, तर तिथलं पाणी कुठं गेलं, हे मुलांनाच शोधू द्या. त्या पाण्याशी आपलाही संबंध आहे.