टाकी कुठे आहे?

गवंडी, प्लंबर, ठेकेदार, ओव्हरसियर मंडळी,

वाशिमात भाषणाला उभं राहिलं की सुरुवात वाकाटकांपासून करायची, असा आपल्याकडे अलिखित ठराव आहे. हे वत्सगुल्म, ही राजधानी, हरिषेण राजा इथला, आणि त्याच्या मंत्र्याने, वराहदेवाने, अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. ठराव पाळला. आता जमिनीखाली उतरू.

आपल्या भागात ‘सेप्टिक टँक’ असं कुणी म्हणत नाही. मिस्त्री म्हणतो ‘सेफ्टी टाकी’, घरमालकही तेच म्हणतो, आणि ठेकेदाराच्या बिलावरही तेच लिहिलेलं मी पाहिलं आहे. सेप्टिक म्हणजे कुजवणारी. त्याचं सेफ्टी कुणी केलं ते सांगता येणार नाही, पण या एका शब्दाने आपलं फार नुकसान केलं. नावातच सुरक्षा असल्यावर झाकण बसवून विसरून जायला आपण मोकळे.

मीही विसरलो होतो. माझं घर १९८५ सालचं. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांना देवघर दाखवलं, स्वयंपाकघर दाखवलं, गच्ची दाखवली. टाकी कुणाला दाखवली नाही. पुढे अंगणात फरशी बसवली आणि जागा बरी दिसते म्हणून तिथे तुळशीवृंदावनही बांधलं. १९९६ च्या पावसाळ्यात संडास उलटा यायला लागला, तेव्हा टाकी कुठे आहे हे घरात एकालाही सांगता येईना. बांधणारा मिस्त्री तोवर वारला होता. शेवटी सब्बल घेऊन फरशी ठोकत फिरलो आणि पोकळ आवाज आला तो वृंदावनाखाली. आईने तुळस हलवली. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. मी तेव्हा ओव्हरसियर होतो, लोकांचे नकाशे तपासत होतो.

त्यानंतरचं सांगायला जड जातं. एक माणूस बादली-दोरी घेऊन आला, आत उतरला, आणि मी वर उभा राहून त्याला बादल्या वेगाने भरायला सांगत होतो. तो जिवंत वर आला. त्यात माझी कर्तबगारी काही नव्हती.

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात, अशीच टाकी साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. बहुतेक ठिकाणी असंच होतं: पहिला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखी घाण येते, आणि प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणजे वास थांबला की माणसाला वाटतं हवा निवळली, आणि तो पुढची पायरी उतरतो. काडी पेटवून बघणं हा तर वेडेपणाच, कारण सोबत मिथेनही असतो.

कायदा २०१३ पासून स्पष्ट आहे. गटारात किंवा टाकीत माणूस धोकादायक पद्धतीने उतरवून सफाई करून घेणं हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हा कायदा फक्त नगरपरिषदेसाठी नाही. काम लावणाऱ्या घरमालकालाही तो लागू आहे. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दहा लाख ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये तीस लाख केली. टाकी उपसणाऱ्या गाडीसाठी नगरपरिषदेत जा, किंवा १४४२० या क्रमांकावर फोन करा. उतरणारा माणूस स्वस्त पडतो हे वाक्य मात्र यापुढे आपल्यापैकी कुणाच्या तोंडी नको. मीही ते बोललेलो आहे.

आता मालकाची हद्द कुठवर, हा प्रश्न. मला तो सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला उत्तर आवडत नाही. तुमच्या मोरीपासून, संडासापासून निघालेला पाइप, मधले चेंबर, टाकी, शोषखड्डा, आणि जिथे भुयारी गटार आहे तिथे त्या गटाराला जोडेपर्यंतची नळी, हे सगळं तुमचं. पुढचं नगरपरिषदेचं. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमानुसार घराचा निचरा नीट करा म्हणून मालकाला नोटीस देता येते, आणि त्याने हात हलवला नाही तर काम करून घेऊन खर्च त्याच्याकडून वसूल करता येतो. हे काही आपल्याकडचंच नाही. इंग्लंडमध्ये २०११ मध्ये अनेक घरांच्या सामाईक खासगी नळ्या सांडपाणी कंपन्यांकडे सोपवल्या, पण एकट्या घराची हद्दीतली नळी तिथेही मालकाच्याच गळ्यात आहे.

म्हणून तुंबलं की नगरसेवकाला फोन करण्याआधी चेंबरचं झाकण उघडा. एकच भांडं तुंबलं असेल तर दोष त्याच्या ट्रॅपमध्ये. सगळंच तुंबलं आणि सर्वांत खालच्या मोरीतून पाणी वर येत असेल तर मुख्य नळी धरा. हद्दीजवळचं शेवटचं चेंबर कोरडं असेल तर अडथळा घराच्या बाजूला. तुडुंब असेल तर टाकीत किंवा बाहेर. पाच मिनिटांचं काम आहे. पण चेंबरवर गट्टू बसवलेले असतात, त्यावर मोटारसायकल उभी असते, आणि मालक म्हणतो फोडू नका.

फोडू नका म्हणणाऱ्याला मी दोष देतो, पण आपल्यालाही देतो. चार इंची पाइपला चाळीस फुटांत एक फूट उतार लागतो, सहा इंचीला साठ फुटांत. हे समोर बसलेल्या प्रत्येकाला पाठ आहे. तरी लेव्हल ट्यूब न लावता नजरेनं उतार देणारे किती आहेत, ते आपण एकमेकांना सांगायची गरज नाही.

शिवाय आपल्याकडे काळी माती आहे. पुण्या-मुंबईच्या पुस्तकातला शोषखड्डा इथे चालत नाही, याचं कारण ही माती. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, श्रावणात ती फुगून सगळी छिद्रं बुजवते. या फुगण्या-आकसण्यात पाइपाचे जोड सुटतात, आणि पावसाळ्यात खड्डा पाणी पीतच नाही. मालकाला वाटतं मिस्त्रीनं फसवलं. मिस्त्री मग टाकीचं तोंड सरळ उघड्या नालीत काढून देतो, सगळ्यांची अडचण सुटते, आणि शेजाऱ्याच्या दारासमोरून आपला मैला वाहतो. सोयाबीनच्या शेतावर पडलेल्या नव्या वस्त्यांत हे घरोघरी दिसतं. माझं मत विचाराल तर काळ्या मातीत एकेका घराचा शोषखड्डा ही पळवाट आहे. अशा लेआउटला सगळ्या घरांची मिळून व्यवस्था हवी, आणि ती प्लॉट विकण्याआधी हवी. बांधकाम नियमांत शोषण व्यवस्था पिण्याच्या विहिरीपासून अठरा मीटर लांब ठेवा असं असतं. तीस बाय पन्नासच्या प्लॉटवर अठरा मीटर, म्हणजे साठ फूट, कुठून आणायचे? कोपऱ्यात बोअर, दुसऱ्या कोपऱ्यात खड्डा, आणि मधे घर. फिल्टर घेतलाय ना, असं मालक म्हणतो.

टाकी भरते कशी, हे मालकाला समजावून सांगणं हे आपलंच काम. जड गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, मधलं पाणी बाहेर जातं. गाळ वाढला की पाण्याला थांबायला जागा उरत नाही आणि गाळच शोषखड्ड्यात जातो. एकदा खड्डा गाळाने लिंपला गेला की तो गेलाच. म्हणून दोन-तीन वर्षांनी उपसा करायचा, तुंबण्याची वाट बघायची नाही. वर्षानुवर्षं उपसली नाही हे लोक कौतुकाने सांगतात. अशी टाकी गळते तरी आहे, किंवा नालीत जाते आहे. वाई आणि सिन्नर या गावांनी २०१८ पासून अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या मदतीने ठरलेल्या वेळापत्रकाने घरोघरी उपसा सुरू केला: तक्रारीची वाट न पाहता गाडी तीन वर्षांतून एकदा दारात, आणि गाळ प्रक्रिया केंद्रात. वाई काही मोठं शहर नाही. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर यांना हे झेपणार नाही असं मला वाटत नाही.

आपल्या जिल्ह्यातल्या सायखेड्याच्या एका बाईंनी २०१४ मध्ये मंगळसूत्र विकून शौचालय बांधलं. तेव्हा वर्तमानपत्रांत खूप आलं, सत्कार झाले. मी ती बातमी वाचली आणि पहिला विचार मनात आला तो ओव्हरसियरचा: खाली काय बांधलं असेल? एक खड्डा की दोन? दोन खड्डे असतील तर एक भरल्यावर दुसरा वापरायचा आणि पहिला दोनेक वर्षं बंद ठेवला की त्यात खत तयार होतं, हात लावायला हरकत नसलेलं. हे त्यांना कुणी सांगितलं असेल का? त्यांनी अंगावरचं सोनं दिलं. जमिनीखालचं काम आपल्यावर होतं.

बोलणं लांबलं. माझ्या घरी आता टाकीचा नकाशा मीटरच्या पेटीत चिकटवलेला आहे, दोन भिंतींपासूनच्या मापांसह. उपसल्याची तारीख दुधाच्या हिशोबाशेजारी कॅलेंडरवर असते, आणि नवं कॅलेंडर आलं की बायको ती पुढे उतरवून घेते. तुळस गच्चीवर आहे.

जेवणानंतर या सभागृहाच्या मागे एक जुनं चेंबर उघडून उतार मोजून दाखवणार आहेत. खुर्च्या नाहीत, उभं राहावं लागेल. ज्यांना रुमाल लावायचा आहे त्यांनी लावावा, पण यावं. सब्बल मी आणली आहे.