रयत सांभाळावी की समर्थ करावी?

(सामाजिक न्याय दिनानिमित्त कोल्हापूर येथे पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



राज्यकर्त्याने प्रजेशी कसे वागावे, या प्रश्नाची दोन थोर उत्तरे या करवीर भूमीत मिळतात. त्या दोहोंतील अंतर आज आपणापुढे ठेवावे, असा माझा विचार आहे.

पहिले उत्तर रामचंद्रपंत अमात्यांचे. शिवछत्रपतींच्या कारकिर्दीपासून स्वराज्याची सेवा केलेल्या या मुत्सद्द्याने अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, कोल्हापूरच्या संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत, 'आज्ञापत्र' सिद्ध केले. आरमारासाठी लाकूड हवे. परंतु रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, असे ते बजावते. ती झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात. एखादे झाड जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच ते तोडावे. वतनदारांविषयीही ते सावध आहे. त्यांना दुखवू नये, पण मोकळेही सोडू नये, असा त्याचा धडा आहे. येथे राजा हा पालक होय. रयतेचे दुःख त्याने जाणावयाचे आणि निवारावयाचे. मात्र रयत ही रयतच राहते.

दुसरे उत्तर राजर्षी शाहू महाराजांचे. १८९४ साली राज्याची सूत्रे हाती घेतल्यावर त्यांनी पाहिले की, केवळ दयाळू राजा असून भागत नाही. कारण रयतेची गाठ राजाशी पडत नाही, ती कचेरीशी पडते. म्हणून २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवल्या. जागा भरावयाच्या तर शिकलेली माणसे हवीत. म्हणून निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी राहिली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले. १९१८ साली कुलकर्णी वतने बरखास्त होऊन पगारी तलाठी आले. ज्या वतनदारीला अमात्यांनी लगाम घालावयास सांगितले, तिचे एक मूळच महाराजांनी उपटले.

कोणी म्हणेल, मुलांना शाळेत न पाठविणाऱ्या पालकांना दंड करणारा राजाही हुकूमच चालवीत होता. हे खरे आहे. सत्ता दोघांनीही मान्य केली. भेद आहे तो तिच्या हेतूत. एक सत्ता प्रजेला आपल्या छायेत ठेवते, दुसरी तिला आपल्यावाचून उभे राहावयास शिकविते. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी जमलेल्या बहिष्कृत बांधवांना सांगितले की, डॉ. आंबेडकरांच्या रूपाने तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे. राजा स्वतः पुढारीपण सोडून देतो, असा प्रसंग इतिहासात विरळा.

आता आपल्याकडे वळू. १९९३ साली अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनात्मक स्थान दिले. कायद्याने रयत धनी झाली. परंतु आपल्या मनातील राजा गेला आहे काय? माहिती खात्यात इतकी वर्षे काढल्यावर एक कबुली देणे मला भाग आहे. 'शासनाने जनतेला दिले' हे वाक्य माझ्या लेखणीने शेकडो वेळा लिहिले. 'लाभार्थी' हा शब्द तर अंगवळणीच पडला. ज्याचा हक्क आहे, त्याला मी याचकाच्या जागी बसवीत होतो, हे मला फार उशिरा उमगले.

ग्रामसभेत आधीच ठरलेला ठराव वाचून सह्या घेणारा सरपंच सज्जन असू शकेल. पण तो पालक राजाच होय. जमाखर्च उघडा ठेवून, मागे बसलेल्या भगिनीला प्रश्न विचारू देणारा सरपंच शाहू महाराजांच्या वाटेने चालतो. शिक्षकालाही हीच कसोटी लागू पडते.

अमात्यांची माया आपण सोडू नये. झाडामागचे माणूस पाहणे हा कारभाराचा पहिला धडा आहे. पण तेथेच थांबू नये. आपण खुर्चीवरून उठल्यानंतर गावात कारभार पाहू शकणारी किती माणसे तयार झालेली असतील, हा प्रश्न प्रत्येकाने आज घरी जाताना स्वतःला विचारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.