औषधाची पावती आणि तपासाची नोकरी

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मावळातली मुलं-मुली पोलीस भरतीसाठी पहाटे उठून धावतात. चांगलं आहे. पण गुन्ह्याचा तपास फक्त खाकीतच होतो असे नाही. औषधातली लबाडी पकडणारं अन्न व औषध प्रशासन हे वेगळं खातं आहे.

१९८६ साली जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. उपचार म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. त्याने मूत्रपिंडं निकामी झाली. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने चौकशी केली. रुग्णालय, औषध प्रशासन, मंत्री, कुणालाच सोडलं नाही. १९८८ मध्ये आरोग्यमंत्री भाई सावंत यांना राजीनामा द्यावा लागला.

मी गिरणी कामगार. आमच्याकडे रसायनाचं पिंप आलं की चलन बघतात, लॉट नंबर लिहितात, मगच आत घेतात. कापडासाठी एवढी काळजी, मग माणसाच्या पोटात जाणाऱ्या औषधासाठी का नको?

औषध निरीक्षक हेच काम करतो. १९४० च्या कायद्याप्रमाणे दुकानातून नमुना घेतला की त्याचे चार भाग करून सील लावतो. एक भाग दुकानदाराकडे राहतो, एक तपासणीला जातो, एक कोर्टासाठी ठेवतात. म्हणजे उद्या कुणी "नमुना बदलला" म्हणू शकत नाही. या नोकरीसाठी फार्मसीची पदवी आणि लोकसेवा आयोगाची परीक्षा लागते.

आता माझी चूक सांगतो. आई आजारी होती. दुकानदार म्हणाला, "बिल नको असेल तर थोडे कमी द्या." मी हो म्हटलं. गोळ्यांनी गुण आला नाही. तक्रार करायची ठरवली, तर हातात कागदच नव्हता. गोळ्या खऱ्या होत्या की खोट्या, मला आजही सांगता येत नाही. आई गेली, प्रश्न राहिला.

त्याच कायद्याच्या २६ व्या कलमाप्रमाणे विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेण्याचा हक्क तुम्हा-आम्हाला आहे. पण विकत घेतल्याचा पुरावा म्हणजे पावती. ती मागून घ्या, बॅच नंबर बघा, जपून ठेवा. कितीही हुशार अधिकारी असला तरी कागदाशिवाय त्याचे हात बांधलेले असतात.

आणि पोरांनो, पोरींनो, मैदानाबरोबर फार्मसी कॉलेजचीही वाट धरा. पुस्तकांसाठी विहार समितीकडे माझे पहिले ५०० रुपये आजच जमा करतो.

जयभीम! नमो बुद्धाय!