कोचीतील दोन दिवस

(एका ग्रंथालयाच्या वाचकमंडळापुढे केलेले भाषण)

प्रारंभीच एक कबुली दिलेली बरी. मी प्रवासी नव्हे. माझे सारे आयुष्य गंगाकाठच्या एका शहरात गेले. समुद्र मला पुस्तकांतूनच ठाऊक. माझी पत्नी शाळेत भूगोल शिकवीत असे. आम्ही दोघे निवृत्त झाल्यावर ती म्हणाली, "अहो, इतकी वर्षे मुलांना नकाशावर समुद्र दाखविला; आता एकदा तो प्रत्यक्ष पाहू या." नकार देण्यास मला जागाच उरली नाही. गेल्या हिवाळ्यात आम्ही कोचीला गेलो आणि तेथे दोन दिवस राहिलो. त्या दोन दिवसांविषयी आज मला आपल्याशी बोलावयाचे आहे.

कोचीचा इतिहास एका पुराने सुरू होतो. त्या किनाऱ्यावर मुझिरिस नावाचे प्राचीन बंदर होते. रोमन साम्राज्याशी तेथून मिरीचा व्यापार चाले. १३४१ साली पेरियार नदीला मोठा पूर आला, जुन्या बंदराचे मुख गाळाने भरले आणि दक्षिणेस कोचीचे मुख मोकळे झाले, असे मानले जाते. नदीने एक बंदर मिटविले आणि दुसरे उघडले. मग मिरीच्या ओढीने तेथे सगळे आले. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज आले. १६६३ मध्ये डच लोकांनी त्यांना घालवून दिले आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांना. यहुदी, कोकणी, गुजराती, तमिळ असे अनेक समाज त्याच अरुंद गल्ल्यांत राहून व्यापार करीत राहिले.

एवढी माहिती घरी वाचून मी अकरा स्थळांची यादी तयार केली होती. पहिल्या दिवशी एर्नाकुलमहून होडीने पलीकडे उतरलो आणि संध्याकाळपर्यंत त्यांतील सात स्थळे आम्ही पाहिली. पाहिली म्हणण्यापेक्षा उरकली, असे म्हणणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल. पत्नीचे गुडघे दुखत होते. मी मात्र घड्याळाकडे पाहत पुढे चालत होतो. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वास्को द गामाची शिळा पाहिली. १५२४ च्या डिसेंबरात तो कोचीतच वारला आणि तेथे पुरला गेला. पुढे त्याचे अवशेष पोर्तुगालला नेण्यात आले. म्हणजे ज्या कबरीसमोर लोक गर्दी करतात, ती रिकामी आहे! पत्नीचे लक्ष मात्र छताखाली टांगलेल्या जुन्या कापडी पंख्यांकडे होते. त्यांच्या दोऱ्या भिंतीपलीकडे जात आणि पंखा ओढणारा माणूस बाहेर बसलेला असे. "आत बसलेल्यांची नावे लिहिलेली आहेत," ती म्हणाली, "ओढणाऱ्याचे कुठेच दिसत नाही."

रात्री तिने माझी परीक्षा घेतली. वही न उघडता, आज काय पाहिले ते सांगा, असे ती म्हणाली. मी आत्मविश्वासाने सांगितले की मट्टनचेरीचा 'डच राजवाडा' डचांनी बांधला. ती हसली. तो राजवाडा पोर्तुगीजांनी सुमारे १५५५ मध्ये बांधून कोचीच्या राजाला दिला; डचांनी पुढे केवळ दुरुस्ती केली आणि नाव त्यांचे लागले. आतील भिंतींवर रामायणाची अप्रतिम चित्रे आहेत. बांधणारा एक, नाव दुसऱ्याचे आणि भिंतीवर कथा तिसऱ्याची, ही त्या वास्तूची खरी गंमत होती. त्या दालनात मी दहा मिनिटेसुद्धा थांबलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी यादी पत्नीच्या पिशवीत गेली, ती घरी येईपर्यंत बाहेर आली नाही.

त्या दिवशी आम्ही दोनच ठिकाणी गेलो. पहिले ठिकाण म्हणजे किनाऱ्यावरील चिनी जाळी. मल्याळममध्ये त्यांना 'चीनवल' म्हणतात. ती चिनी व्यापाऱ्यांनी आणली की पोर्तुगीजांनी मकाओहून, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्यांची रचना मात्र पाहताक्षणी समजते. लाकडाचे मोठे वासे तराजूसारखे तोललेले असतात. एका टोकाला जाळे आणि दुसऱ्या टोकाला दोरांनी टांगलेले जड दगड. जाळे पाण्यात उतरवितात, काही मिनिटे थांबतात आणि मग चार-सहा माणसे मिळून दोर ओढतात.

आम्ही तेथे दोन तास बसलो. एका वयस्क कोळ्याने पत्नीला दोर धरावयास बोलाविले. तिने दोर ओढला. जाळे वर आले, तेव्हा त्यात मूठभर मासे होते. मोडक्यातोडक्या हिंदीत त्या गृहस्थांनी सांगितले की, मासळी आता पूर्वीइतकी मिळत नाही. वासे बदलावयाचे तर खर्च फार. आणि त्यांची मुले या कामात आलेली नाहीत. दोर ओढून छायाचित्र काढू देण्याचे जे चार पैसे पाहुणे देतात, त्यावर पुष्कळसे भागते. पत्नीने त्यांना पैसे दिले. थोडे पुढे गेल्यावर मात्र तिने मला विचारले, "आपण त्यांना जाळे टिकवायला मदत केली, की त्याचे प्रदर्शन करायला?" मला उत्तर देता आले नाही, आजही नीट देता येत नाही.

दुसरे ठिकाण मट्टनचेरीचे परदेशी सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनागृह. ते १५६८ मध्ये राजवाड्याशेजारच्या जागेवर उभे राहिले. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी त्याची नासधूस केली. डच सत्ता आल्यावर ते पुन्हा उभारले गेले. बाहेर १७६० चा घड्याळाचा मनोरा आहे. त्याच्या तबकड्यांवर निरनिराळ्या लिप्यांतील आकडे आहेत. राजवाड्याकडील बाजूला मल्याळम. आत जाताना, आपल्या देवळांप्रमाणेच, पादत्राणे बाहेर काढावी लागतात. जमिनीवर चीनमधून आणलेल्या, हाताने रंगविलेल्या निळ्यापांढऱ्या फरश्या आहेत. १९६८ साली या वास्तूला चारशे वर्षे पूर्ण झाली, तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी समारंभास उपस्थित होत्या आणि टपाल खात्याने तिकीटही काढले.

परंतु तोपर्यंत समाज विरळ झाला होता. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यावर कोचीचे बहुतेक यहुदी टप्प्याटप्प्याने तिकडे गेले. त्यांना कोणी हाकलून दिले नव्हते. पोर्तुगीजांचा काळ सोडला, तर छळाविना शतकानुशतके जेथे राहता आले, असे हे गाव. आज तेथे उरलेली माणसे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. यहुदी परंपरेनुसार सामुदायिक प्रार्थनेसाठी किमान दहा प्रौढ पुरुष लागतात. आम्ही गेलो तेव्हा त्या दालनात तीस-चाळीस प्रेक्षक होते. झुंबरे, फरश्या, दिवे, सर्व काही चकचकीत होते. ते दहा मात्र नव्हते. पत्नी बाकावर बराच वेळ बसून राहिली.

घरी परतल्यावर मी या ग्रंथालयात कोचीवरील पुस्तके धुंडाळली, आणि 'होर्तुस मलबारिकुस' या ग्रंथाचा वृत्तांत हाती लागला. डच गव्हर्नर व्हान रीडे याने मलबारच्या वनस्पतींचा हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅममध्ये छापला गेला. त्यातील माहिती पुरविणारे इट्टी अच्युतन नावाचे मल्याळी वैद्य होते. तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य होते. गोव्यात पोर्तुगीजांच्या धर्मछळाला कंटाळून जी कोकणी कुटुंबे सोळाव्या शतकात कोचीला आली, त्यांच्याच समाजातील ही माणसे. या तिघांचे १६७५ सालचे कोकणी निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. ज्या लिपीत मी मुळाक्षरे गिरविली, ती कोचीच्या वैद्यांच्या हातून ॲम्स्टरडॅमला पोहोचली होती! हे पान मी पत्नीला दाखविले, तेव्हा ती म्हणाली, "बघा, इथे पंखा ओढणाऱ्यांची नावे लिहिली आहेत."

मित्रहो, मला सांगावयाचे ते इतकेच. जुन्या शहरात आपण दगड पाहतो आणि सनावळ्या पाठ करतो, ते आवश्यकच आहे. परंतु वास्तू राखणे पैशाने साधते. जाळे ओढणारे सहा आणि प्रार्थनेचे दहा हात जमविणे पैशाने साधत नाही. आपणही कोचीला जाल, कोणी सुरतेला, कोणी मछलीपट्टणमला. यादी अवश्य करावी, मात्र अर्धीच करावी. आणि प्रत्येक ठिकाणी हे कोणी बांधले, या प्रश्नाबरोबर आज येथे काम कोण करते आणि उद्या कोण करील, हेही विचारावे. आमच्या यादीतील चार स्थळे पाहावयाची राहिली आहेत. पत्नी म्हणते, पुढच्या खेपेला त्यांतील दोन पाहू, आणि एक सकाळ पुन्हा त्या जाळ्यांपाशी बसू.