चारठाण्याची वाट

सायकलीवर बसून रम्य प्रदेश पाहावयाचा असे कोणी म्हटले की महाराष्ट्रातील रसिकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभी राहते ती कोकणपट्टी. ते स्वाभाविकच आहे. रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या वाटेवर घटकेघटकेला देखावा पालटतो. जांभ्या दगडाच्या सड्यावरून सायकल भरधाव खाली उतरते, माडांच्या सावलीतून खाडीच्या काठी येते, दाभोळ-धोपाव्यासारख्या ठिकाणी फेरीबोटीत चढून पैलतीर गाठते, आणि पैलतीरी पाय टेकताच पुन्हा छातीवर येणारी चढण समोर उभी असते. कोकणातला चढ आखूड, पण खडा. आणि तो संपला असे वाटते न वाटते तोच दुसरा सुरू होतो. मात्र त्या श्रमांचे मोल समुद्र तत्काळ देतो. वळण संपले की निळे पाणी दिसते आणि शीण उतरतो.

परंतु सौंदर्य सर्वत्र असे रोखीने मिळत नाही. काही मुलूख उधारीने देणारे असतात. आधी श्रम घेतात आणि पुष्कळ वेळाने त्यांची परतफेड करतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारपासून निघून मंठा, चारठाणा व जिंतूर या मार्गाने हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथाला पोहोचणारी वाट ही या दुसऱ्या जातीची. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. जिंतुरास मुक्काम करून दोन दिवसांत हा प्रवास सुखाने होतो. येथे समुद्र नाही, माड नाहीत. आहे ती काळी जमीन, अजिंठ्याच्या रांगेचे उतरत आलेले डोंगर आणि दगड. या प्रवासाचा खरा विषय दगड हाच आहे.

सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचले व त्यांतून दख्खनचा कातळ घडला. हे थर झिजताना पायऱ्यापायऱ्यांनी झिजतात. म्हणूनच या खडकाला स्वीडिश भाषेतील जिन्याच्या शब्दावरून ‘ट्रॅप’ हे नाव मिळाले. मोटारीत बसलेल्या माणसाला या पायऱ्या जाणवत नाहीत. सायकलस्वाराच्या मांड्यांना मात्र त्या बिनचूक कळतात. बराच वेळ सपाटी, मग एक लांबलचक चढ, पुन्हा सपाटी, पुन्हा चढ. भूगोलाच्या पुस्तकातील ते पान पायांनी वाचता येते ते असे. हरिहरेश्वराच्या किनाऱ्यावर समुद्राने कोरलेला काळा कातळही याच कुळातला आहे, हे ध्यानी आले म्हणजे कोकण आणि मराठवाडा ही दोन जगे वाटत नाहीत.

लोणारला या दगडाचे पहिले दर्शन घडते ते आघाताच्या रूपाने. आकाशातून कोसळलेल्या एका अशनीने या कातळात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा खड्डा पाडला, आणि त्यात क्षारयुक्त पाण्याचे सरोवर साचले. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली. पुढे कित्येक वर्षे तो ज्वालामुखीचाच खड्डा असावा असे मानले जाई. २०२० साली या सरोवराचे पाणी काही दिवस गुलाबी झाले व त्याच वर्षी रामसर करारान्वये त्यास आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा लाभला. काठावरील देवळांपेक्षाही गावातील दैत्यसूदनाचे मंदिर आवर्जून पाहावे. कारण पुढील वाटेवर भेटणाऱ्या शिल्पाची ओळख येथेच होते.

लोणार सोडून दक्षिणेकडे मंठ्याच्या रस्त्याला लागले की शेगाव-पंढरपूर महामार्गाची सोबत मिळते. वाटेत पूर्णा नदी ओलांडावी लागते. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून गोदावरीला मिळणारी ही पूर्णा. तापीला मिळणारी तिची नामसखी वेगळी. याच मुलखात सायकल नकळत आणखी एक रेषा ओलांडते. लोणार हे वऱ्हाडातले, म्हणजे इंग्रजी अमलाखालचे. तर मंठा, चारठाणा व जिंतूर ही निजामाच्या हैदराबाद संस्थानातली. संस्थानाची जकात निराळी होती, करोडगिरीचे नाके निराळे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामाची सत्ता संपुष्टात आली आणि १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला. आज त्या सरहद्दीची आठवण देणारे काही रस्त्यावर दिसत नाही. ज्वारी दोन्हीकडे सारखीच डोलते.

मंठ्याहून पूर्वेकडे वळले म्हणजे जिंतूरच्या अलीकडे, परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात, चारठाणा लागते. मोटारीला येथे थांबण्याचे कारण नसते. जालना सोडलेल्या प्रवाशाचे चित्त नांदेडकडे लागलेले असते. सायकलस्वाराला मात्र पाणी हवे असते, सावली हवी असते. तेवढ्यासाठी तो गावात शिरतो आणि थबकतो. घरांच्या दाटीतून एक कोरीव स्तंभ आकाशात गेलेला दिसतो. कोणी त्याला दीपमाळ म्हणतात, कोणी मानस्तंभ. मानस्तंभ हा शब्द जैन मंदिरांच्या परंपरेतला. तेव्हा नावातच दोन श्रद्धांचा शेजार आहे. गोकुळेश्वर, उकंडेश्वर ही देवळे, पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारी पुष्करणी, भग्न मंडपांतील नक्षीदार खांब हे सारे यादवकाळाच्या वैभवाची साक्ष देते. एके काळी येथे तीनशेसाठ देवळे होती असे गावकरी सांगतात. आकडा लोककथेचा असेल. परंतु जे उरले आहे त्यावरून कथेला आधार मुळीच नाही असे म्हणवत नाही.

अशा बांधणीला मराठी माणूस ‘हेमाडपंती’ म्हणतो. हेमाद्री हा तेराव्या शतकात देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. परंतु त्याच्या नावावर खपणारी पुष्कळ देवळे त्याच्याही आधीची आहेत. चुन्याचा आधार न घेता दगडाच्या खाचा दगडात बसवून, भाराने भार तोलून उभी केलेली ही रचना. तिचे सामर्थ्य तेच तिचे मर्मस्थान होय. एक तुळई निसटली की छत सरकते, छत सरकले की पाऊस आत येतो, आणि सांध्यांतून पिंपळ मूळ धरतो. त्याला वेळीच उपटणारा हात मिळाला नाही तर जे आक्रमकाने केले नसेल ते झाड करते.

येथेच या प्रवासाचा मुख्य प्रश्न उभा राहतो. वाटेच्या एका टोकाला लोणार आहे. त्याला शास्त्रज्ञांचे येणेजाणे आहे. दुसऱ्या टोकाला औंढा आहे. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक म्हणून त्याला यात्रेकरूंचा अखंड ओघ आहे. औंढ्याच्या देवळाचा खालचा भाग यादवकालीन घडणीचा आणि वरचा भाग नंतरच्या काळातला, हे सामान्य प्रेक्षकालाही ओळखू येते. देऊळ भंगले, पण भाविकांचे पाय थांबले नाहीत. म्हणून कोणीतरी ते पुन्हा उभारले. चारठाणा या दोहोंच्या मधोमध आहे. कारागिरी त्याच परंपरेची, दगड त्याच खाणींच्या कुळातला. परंतु येथे ना शास्त्र खेचून आणते, ना यात्रा. वास्तू मोडते ती केवळ काळाने नव्हे. तिच्याकडे येणारी वाट मोडली म्हणजेही ती मोडते.

चारठाण्याहून जिंतूर फार दूर नाही. जिंतूरजवळच नेमगिरीचा डोंगर असून तेथील जैन लेण्यांत भूमीला जेमतेम टेकल्यासारखी भासणारी पार्श्वनाथांची मूर्ती आहे. पायांत बळ शिल्लक असेल त्याने उत्तरेकडे येलदरीचाही फेरा करावा. पूर्णेवरील हे धरण १९६८ साली पुरे झाले. उन्हे कलताना डोंगरांच्या कुशीत पसरलेले ते विस्तीर्ण पाणी पाहिले म्हणजे समुद्राची उणीव क्षणभर तरी जाणवत नाही. दुसऱ्या दिवशी जिंतूरहून औंढ्यापर्यंतचा टप्पा मग निवांतपणे पुरा होतो.

व्यवहाराच्या चार गोष्टीही सांगावयास हव्यात. या वाटेवर निघावे ते नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. वैशाखात परभणीकडचे ऊन चाळिशी सहज ओलांडते आणि रस्त्यावर सावलीची खात्री नसते. पावसाळ्यात दोन अडचणी: पश्चिमेचा वारा, आणि त्याहून वाईट म्हणजे काळी माती. डांबरी सोडून शेतवाटेला चाक लागले की ती मडगार्डमध्ये अशी दाटून बसते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते. हिवाळ्यातला शत्रू लहान, पण कडवा आहे: बाभळीचा काटा आणि गोखरू. म्हणून पंप, सोल्युशन, रबराची ठिगळे, पान्हे आणि एक जादा ट्यूब यांवाचून कोणी निघू नये. सायकल विश्रांतीसाठी टेकवताना आधी जमीन निरखावी. पाणी भरपूर बाळगावे, पहाटे निघावे, आणि कापसाने फुगलेल्या गाड्यांना वाट द्यावी. त्यांचा हक्क प्रवाशाच्या हौसेहून मोठा आहे.

१९२३ साली मुंबईचे सहा तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी तिघे ती पुरी करून १९२८ साली परतले. एवढे साहस प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, येण्याचे कारणही नाही. सायकलीचा खरा गुण लांबी कापण्यात नसून थांबता येण्यात आहे. तिला जागा लागत नाही, तिचा धाक वाटत नाही. तिच्यावरून उतरलेल्या माणसाला गावकरी परका समजत नाहीत. त्याला पाण्याचा तांब्या मिळतो, आणि तांब्यापाठोपाठ गोष्टही मिळते.

चारठाण्याला असे थांबणारे दहा जण आले तर देवळाच्या ओसरीवर खेळणाऱ्या पोराला प्रथमच प्रश्न पडतो की, हे लोक इतक्या लांबून पाहावयास काय आले? तो वर पाहतो. रोज ज्यावर चढून उड्या मारल्या त्या दगडावर नक्षी आहे, हे त्याला दिसते. सांध्यातला पिंपळ उपटणारा हात पुढे याच पोराचा असावयाचा. लोणारहून औंढ्याला जाणाऱ्याने म्हणूनच पल्ला गाठण्याची घाई करू नये. हमरस्ता सोडून चारठाण्याकडे हँडल वळवण्यास क्षणाचा अवधी लागतो. जे तेथे उभे आहे त्याने मात्र सातशे वर्षे वाट पाहिली आहे.