शाळा सुटायच्या आधी लेकरू घरी?

तायांनो, मावश्यांनो, मंद्रूपच्या बाजाराला आलात की जाता जाता लेकराला शाळेतनं लवकर काढता. दुसरा हेलपाटा नको, हे मलाही पटतं. पण गटाचा हिशोब इथंही लावू. शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस, ८०० तास शिकवणं हवं. रोज अर्धा तास बुडाला तर १०० तास, म्हणजे शाळेचे २५ दिवस गेले! हजेरी लागलेली असते, म्हणून खाडा दिसत नाही. पोरीला तर धाकट्याला सांभाळायला बोलावतात. हे मला जास्त खुपतं.

शाळाच लवकर सुटत असेल तर? शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालक, निम्म्या बायका असतात. तिथं विचारा. बाजारादिवशी गल्लीतली पोरं शाळा सुटल्यावर पाळीपाळीनं एकीनं आणायची, हे येत्या बैठकीत ठरवू या का?